रायरमामांचा राऊटर

सासुरवाडीला गेल्यावर पहिल्या तासात जावयाने काय मागू नये, याचे नियम आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेले नाहीत. ठेवले असते तर वायफायचा पासवर्ड पहिल्या कलमात आला असता. मी तो मागितला. पापनाशमला, रायरमामांच्या घरी, उन्हातून आल्या आल्या, हातात कॉफीचा डवरा-टंबलर असताना. मी बँकेच्या लॉकरची किल्ली आणि वर सहीचा नमुना मागितल्यासारखं मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "आधी फोन दाखवा."

फोन त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, चष्मा वर सरकवून सेटिंगमध्ये शिरले, सिस्टिमचं शेवटचं अपडेट कधीचं ते बघितलं आणि "चार महिने!" असं म्हणून तो माझ्या बायकोच्या हातात दिला. माझ्या हातात नव्हे. तिच्यावर ठपका होता, असला नवरा केल्याचा.

पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं कावेरीच्या खोऱ्यातलं गाव. चहूकडे भाताची शेतं. जवळच्या पालैवननाथर देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्याचं कोठार अजून उभं आहे. संगीतवाल्यांना हे गाव पापनाशम शिवन यांच्यामुळे ठाऊक असतं. पाप नाहीसं करायची सोय गावाच्या नावातच केलेली असल्यामुळे इथली माणसं एरवी निवांत असतात. मामा अपवाद. त्यांच्या मते पाप अजून शिल्लक आहे आणि ते शेजारच्या गल्लीतून आपल्या नेटवर्कमध्ये घुसायच्या प्रयत्नात आहे.

मामा हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. पण तिकडे साठीच्या पुढच्या प्रत्येक पुरुषाला सगळी गल्लीच मामा म्हणते. आणि रायर म्हणजे आपण, मराठी लोक. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे, तिकडचे एकोजी, बंगळूरहून तंजावरला आले. त्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या पदरी कारकून, पंडित, हिशेबनीस आले. १८५५ साली राज्य संपलं, कारकून राहिले. तमिळ शेजारी त्यांना रायर म्हणू लागले. घरात अजून मराठी बोलतात. मामांचं मराठी ऐकताना आपल्या खापरपणजोबांना तमिळ सून आली असावी असं वाटतं: शब्द बखरीतले, सूर कुंभकोणमच्या बाजारातला, आणि वाक्याच्या शेवटी "सेरी".

रायरमामांची जात मात्र फक्त तंजावरी नाही. सदाशिव पेठेत ती आहे, डोंबिवलीत आहे, अमेरिकेत तर तिच्या वसाहती आहेत. राऊटर येण्याआधीही ती होतीच. तेव्हा हीच मंडळी टेलिफोनच्या तबकडीला एकाच्या भोकात छोटंसं पितळी कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधायची. आम्ही पोरं फोनचा हूक टिचकावून नंबर लावायचो. पाचासाठी पाच टिचक्या, शून्यासाठी दहा. कुलूप तसंच, किल्ली जानव्यालाच, आणि महिन्याचं बिल मात्र आलेलं. रायरमामा नोकरीला टेलिफोन खात्यातच होते, त्यामुळे त्यांना हे पुरतं ठाऊक. "कुलूप फोनाला होतं, लायनीला नव्हतं," ते म्हणतात. राऊटर आल्यावर मात्र त्यांनी लायनीलाच कुलूप घालायचं ठरवलं.

त्याला कारणही तसंच घडलं. २००८ च्या जुलैत मामा नवी मुंबईत मुलाकडे राहायला आले होते. २६ जुलैला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीची ईमेल गेली होती, आणि ती सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. गृहस्थांचा काडीचा संबंध नव्हता, पण त्यांचं वायफाय उघडं होतं. मामांच्या मुलाचं घर तिथून रिक्षाच्या अंतरावर. आणि मुलाच्या राऊटरला पासवर्ड नव्हता, "कशाला उगीच" म्हणून. मामांनी त्या आठवड्यात वर्तमानपत्राची कात्रणं कापली, मुलाला बसवून पासवर्ड घालायला लावला आणि मगच तंजावरची गाडी धरली. पुढे सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळची ईमेल चेंबूरच्या एका उघड्या वायफायवरून गेली, तेव्हा कात्रणांची फाइल झाली. २००९ च्या सुरुवातीला मुंबईचे पोलीस उघडी वायफाय हुडकत फिरणार असल्याची बातमी आली, ती मामांनी अधोरेखित केली. ही फाइल मला जेवणाआधी दाखवण्यात आली. पोळी गार झाली. मान्य करायला हवं, फाइलमध्ये चूक काही नव्हती.

जेवण झाल्यावर कळलं की नेट चालत नाही. म्हणजे पासवर्ड घालूनही नाही. समोरच्या कूडमात, म्हणजे बैठकीच्या दालनात, थोडं यायचं, मुट्रम ओलांडून मागे गेलं की मेलं. मुट्रम म्हणजे घराच्या पोटातला उघडा चौक. भोवती विटा-चुन्याच्या दीड हात जाडीच्या भिंती. असल्या भिंतीतून लहरी जाताना दमतात हे खरं, पण इतक्या? मी विचारलं, राऊटर कुठाय?

"बीरोत."

बीरो म्हणजे लोखंडी कपाट. तमिळनाडूत दागिने, जमिनीचे कागद आणि लग्नातल्या साड्या त्यातच असतात. मामांचा राऊटर तिथे, साड्यांच्या वरच्या कप्प्यात, कुलपात होता. मागून भोक पाडून वायर आत घेतली होती. मी हळूच म्हणालो की मामा, लोखंडाच्या पेटीतून रेडिओलहरी बाहेर येत नाहीत. मामा म्हणाले, ठाऊक आहे. पण राऊटरच्या पाठीला रिसेटचं बारीक भोक असतं. कुणीही केसाची पिन घातली की दहा सेकंदांत सगळं कारखान्यातल्यासारखं कोरं होतं. नाव कोरं, पासवर्ड कोरा, आणि आतला सांकेतिक शब्द पुन्हा "अॅडमिन". ते बीरोच्या दारानेच नेटचा पुरवठा नियंत्रित करत होते. दोन बोटं उघडं ठेवलं की कूडमात नेट, चार बोटं उघडलं की माडीवर. वर मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडायची जी रीत आहे, तिच्यात आणि यात मला फारसा फरक दिसला नाही. शेतकऱ्यांनी वाट बघायची.

मामांना दोष शोधायची शिस्त मात्र उत्तम. टेलिफोन खात्याची होती ती. आधी दिवे पाहायचे: तांबडा दिवा लागला म्हणजे घराबाहेरची काच-तार तुटली, मग घरातल्या कुणाला रागावून उपयोग नाही. तार फार वाकली असेल तरी प्रकाश गळतो, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात ती काटकोनात दाबायची नाही. दिवे हिरवे असतील तर मग हवेतली भानगड. त्यांनी फोनवर सिग्नल मोजायचं साधन घेतलं होतं आणि घरभर फिरून प्रत्येक खांबावर खडूने आकडा लिहिला होता. बीरोसमोर -४५. कूडमात -६४. मुट्रमच्या खांबावर -७३. मागच्या पडवीत -८८. उणे आकडा जितका मोठा तितकी गरिबी मोठी. साठ-सत्तरापर्यंत व्हिडिओ दिसतो, ऐंशी ओलांडलं की नुसतं चक्र फिरतं. मामी रोज सकाळी हे खांब पुसायच्या. मामा रोज संध्याकाळी पुन्हा लिहायचे.

चॅनेलचंही त्यांनी पाहिलं होतं. अडीचच्या आसपासच्या पट्ट्यात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर, एकमेकांच्या पायात न येणाऱ्या जागा तीनच धरतात: १, ६ आणि ११. गल्लीतली बहुतेक घरं सहावर. मामा म्हणाले, एकाच ओट्यावर सात जणांनी सात तंबोरे जुळवायला बसल्यासारखं आहे. ते स्वतः अकरावर गेले. मग मामींचा मायक्रोवेव्ह. तोही साधारण त्याच पट्ट्यात गरगरतो. पापड भाजायला लागल्या की मुलाचा, आता न्यू जर्सीहून येणारा, चेहरा चौकोन चौकोन व्हायचा. यावर उपाय म्हणून पापड पुन्हा निखाऱ्यावर भाजायचा ठराव मामांनी मांडला होता. तो अजून चर्चेत आहे.

राऊटरला पट्टे दोन, म्हणून नावं दोन. इथे मामांच्या विद्वत्तेला मी मनोमन नमस्कार केला. २.४ चं नाव "एकोजी": वेग कमी, पण भिंती ओलांडून लांबवर मजल मारणारा, थेट बंगळूरहून आलेला. ५ गिगाहर्ट्झचं नाव "सरफोजी". दुसरे सरफोजीराजे म्हणजे बुद्धीने विजेसारखे. सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह वाढवला, शस्त्रक्रियांत रस घेतला, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांची वंशावळ मराठीत कोरून घेतली. पण १७९९ च्या करारानंतर कारभार कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता किल्ल्याच्या आत राहिली. "तसंच हे," मामा म्हणाले. "भारी वेग. पण भिंतीपलीकडे अंमल नाही."

ही दोन्ही नावं त्यांनी लपवून ठेवली होती. यादीत दिसायची नाहीत. मी सांगितलं की लपवलेल्या नावाने फार काही साधत नाही. उलट घरचे फोन बाहेर गेले की जिथे तिथे त्या नावाने हाका मारत सुटतात. म्हणजे घरात नाव झाकायचं आणि कुंभकोणमच्या स्टँडवर "एकोजी आहे का, एकोजी" म्हणून विचारत फिरायचं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महाराजांचं असं बाजारात नको." त्या रात्री दोन्ही राजे गादीवर प्रकट झाले.

आता पासवर्ड. मामांचं म्हणणं असं की १९९७ चा पहिला वेप नावाचा कुलूपप्रकार २००१ सालीच फुटला. पुढे २००४ चा डब्ल्यूपीए-टू, २०१८ चा थ्री आला. पण कुलूप कितीही नवं घेतलं तरी किल्ली आखूड असेल तर काय उपयोग? कमीत कमी आठ अक्षरं लागतात, जास्तीत जास्त त्रेसष्ट चालतात. मामांनी त्रेसष्ट घेतली. चौसष्टावं घेता येत नाही याची त्यांना खंत होती. ते पूर्ण मराठी वाक्य आहे, इंग्रजी अक्षरांत लिहायचं. मी वचन दिलंय, म्हणून वाक्य सांगत नाही. त्यात तीन भोसले राजे आहेत आणि वांग्याची रसवांगी आहे, एवढंच.

आणि हे वाक्य त्यांनी राऊटरवरच चिकटवून ठेवलं होतं. उघड. मोडीत.

निवृत्तीनंतर ते तंजावरला एका जाणकाराकडे जाऊन मोडी शिकले. राजवाड्याचे मोडी कागद रुमालच्या रुमाल पडलेत आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा चोराला मोडी येण्याची शक्यता किती? शून्य. मी इंजिनिअर नसतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण मलाही मोडी येत नाही, ही अडचण. मामांनी वाचून दाखवलं, मी टाइप केलं. चूक. पुन्हा. चूक. मी पुणेकर, "त"ला टी लिहितो. मामा तमिळनाडूचे, "त"ला टी-एच लिहितात आणि "द"ला डी-एच. ते कळलं तरी चूक. मग उलगडलं की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. इ-ई एकच, उ-ऊ एकच. म्हणून प्रत्येक वेलांटीला एकच आय की दोन ई, प्रत्येक उकाराला यू की दोन ओ, हे मामांना त्या त्या वेळी आठवेल तसं. शब्दांमध्ये जागाही नाही. सातव्या वेळी मी आत शिरलो. त्रेसष्ट अक्षरांचं वाक्य एकाही चुकीशिवाय लिहिल्याचा आनंद मला दहावीनंतर पहिल्यांदा झाला.

मी सुचवलं, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं, सोपा पासवर्ड, घरातली यंत्रं अलग राहतात. तशी सोय राऊटरमध्ये असतेच. मामा दुखावले. "आमच्याकडे पाहुण्यांना वेगळी पंगत नाही."

याशिवाय एक लाल कापडी बांधणीचं रजिस्टर होतं. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक बारा अक्षरी क्रमांक मिळतो. तो लिहून, समोर मालकाचं नातं लिहून, मगच राऊटरच्या यादीत दाखल. "थोरला जावई, पुणे." "नात, टॅब, मागच्या काचेला तडा." बाकीचे अडवायचे. छान चाललं होतं. मग २०१९-२० च्या सुमारास फोनवाल्यांनीच ठरवलं की दर ठिकाणी खरा क्रमांक सांगत सुटायचं नाही, बनावट सांगायचा, म्हणजे माणसाचा माग काढता येत नाही. अपडेट आलं आणि एका रात्रीत निम्मं घर अनोळखी झालं. मामांच्या स्वतःच्या फोनलाही प्रवेश नाकारला. त्यांनी अडवणूक बंद केली, रजिस्टर मात्र चालू ठेवलं. दिवेलागणीला देवाला नमस्कार करून ते राऊटरच्या पानावर जात आणि हजेरी घेत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं मन वळवलं. रिसेटच्या भोकावर चिकटपट्टी लावली, वर मेण ओतलं, आणि राऊटर बीरोतून काढून कूडमातल्या ऊंजलच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, तुळईवर चढवला. उंच, उघड्यावर, घराच्या मध्यभागी. एवढंच करायचं असतं. शंभरातल्या नव्वद घरांचा आजार इथेच बरा होतो. मामा खडू घेऊन फिरले. मागची पडवी -६६. बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, -५८. मामींनी मला जास्तीची गोड पोळी वाढली. मी पुण्याची इभ्रत राखली असं मला वाटलं.

संध्याकाळी हजेरीत तेरा यंत्रं निघाली. घरात सात.

"तुम्ही दार उघडलंत," मामा मला म्हणाले. तेवढंच. रात्री साडेनऊपर्यंत बसून त्यांनी नवा पासवर्ड रचला (पुन्हा त्रेसष्ट, या वेळी डांगर पच्चडीवर), मोडीत लिहिला, घरातल्या सातही यंत्रांत स्वतः घातला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता: तेरा. आता मामांचा चेहरा उजळला. म्हणजे साधासुधा चोर नव्हे! २०१७ साली बेल्जियमच्या संशोधकांनी डब्ल्यूपीए-टूच्या ओळख पटवण्याच्या रीतीतच फट शोधली होती, तिच्याबद्दल त्यांनी मला सविस्तर सांगितलं. राऊटरचं सॉफ्टवेअर ताजं केलेलं होतं, तरी पुन्हा तपासलं. समोरच्या चहावाल्यावर संशय, माडीवरच्या भाडेकरूवर संशय, घटकाभर माझ्यावरही. बॅटरी घेऊन ते गच्चीवर जाऊन आले.

मी तिण्णैवर गेलो. गल्लीतली सहा पोरं रांगेत बसलेली. मधोमध मामी, मांडीवर मुरुक्कूचा डबा. एक नवी पोरगी आली, तिने फोन पुढे केला. मामींनी पदराला हात पुसले, स्वतःच्या फोनवर दोनदा बोट टेकवलं आणि तो तिच्यापुढे धरला. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन.

"हे काय, मामी?"

"कोलम," मामी म्हणाल्या, म्हणजे रांगोळी. "नातीने शिकवलं. यांचं ते मोडी मला येत नाही. हे दाखवलं की पोरांचं होतं."

मी जे शिकलोय त्याला स्मरून सांगणं भाग होतं, म्हणून सांगितलं: मामी, या कोलमात पासवर्ड जसाच्या तसा असतो, जो फोटो काढील त्याला सगळी त्रेसष्ट अक्षरं मिळतात. मामींनी शांतपणे ऐकलं. "पोरांच्या परीक्षा आहेत," त्या म्हणाल्या. "दारात बसलेल्याला ताक विचारायचं आणि हे नाही विचारायचं?" मग मला मुरुक्कू दिला. मी तो खाल्ला, म्हणजे मी फितूर झालो.

पुढच्या दिवशी मामांनी शोध एकाएकी थांबवला. कारण सांगितलं नाही. रजिस्टर उघडं पडलं होतं, त्यात नव्या पानावर मोडीत काहीतरी लिहून समोर आकडा होता: ७.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मुलाने पाठवलेला नवा फोन आला. जेवण झाल्यावर मामा तो घेऊन ऊंजलवर बसले. वर राऊटर, हातात मोडी कागद. पहिल्यांदा चुकला. डांगरमधल्या काहीतरी अक्षरावर अडले असावेत. दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ हलवत, वेलांटी वेलांटी मोजत लिहिला, आणि झोपाळा थांबवून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मी मदतीला उठणार तेवढ्यात बायकोने माझा दंड धरला.

मामा उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. इकडेतिकडे पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "ते तुझं चौकोनी कोलम काय ते. दाखव जरा."

आत भांडी घासायचा आवाज थांबला.

"बसा," मामी म्हणाल्या. "आधी फोन दाखवा."